परमुलखातील बेगमी

कॅनडातील ब्रॅम्पटन शहरी आमचे बिऱ्हाड थाटून पुरता महिनाही लोटला नव्हता, आणि वाढत्या वयाच्या दोन मुलांच्या भुकेपुढे वाणसामानासाठी बाजूस काढून ठेवलेली रक्कम तिसऱ्या आठवड्यातच संपुष्टात आली होती, अशा एका संध्याकाळी मसुरीच्या डाळीची पिशवी डब्यात रिकामी करता करता पत्नी थांबली आणि पिशवीची मागील बाजू माझ्यापुढे धरून म्हणाली, "अहो, हे वाचलंत का? ही डाळ इथलीच आहे." पिशवीच्या दर्शनी भागावर देवनागरी अक्षरे होती, मागे मात्र बारीक टंकात 'कॅनडाचे उत्पादन' असे छापलेले होते. जो जिन्नस आम्ही मायदेशाहून समुद्र ओलांडून आला असे समजून, दोन-दोन पौंडांच्या पिशव्यांतून, जपून जपून विकत घेत होतो, तो त्याच देशाच्या शेतांत अमाप पिकत होता आणि दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात मोठ्या पोत्यांतून निम्म्याहून कमी दराने मिळत होता, हे त्या दिवशी प्रथम उमगले.

परमुलखी जाणाऱ्या कुटुंबाच्या हातून आरंभी दोन चुका हमखास घडतात. पहिली चूक ही की, प्रत्येक वस्तूची किंमत मनातल्या मनात रुपयांत मांडली जाते. त्यामुळे सर्वच वस्तू सारख्याच महाग भासतात आणि त्या देशाच्या हिशेबाने खरोखर महाग काय व स्वस्त काय, हा विवेक नष्ट होतो. दुसरी चूक अधिक खोलवर रुजलेली असते. सांगलीच्या वाण्याकडे जी यादी वर्षानुवर्षे दिली, तीच यादी टोरोंटोच्या परिसरातील दुकानात जशीच्या तशी उतरविली जाते; आणि येथे जो गरिबाचा घास होता तो तेथे आयात केलेला दुर्मीळ जिन्नस ठरतो, हे ध्यानी येईपर्यंत कितीतरी डॉलर खर्ची पडलेले असतात. ज्वारीचे पीठ, पोहे, तुरीची डाळ, गूळ, ओला नारळ यांचा भाव तेथे जहाजाच्या भाड्यासह मोजावा लागतो. उलट ज्या वस्तूंकडे आपण परक्या म्हणून पाहतो, त्यांपैकी कित्येकांतून आपली आमटी, आपली पोळी आणि आपले थालीपीठ उत्तम प्रकारे सिद्ध होऊ शकते. तेव्हा त्या मुलखात काय पिकते, ते केव्हा पिकते, आणि तेथील कायदा कोणता जिन्नस स्वस्त व कोणता महाग करतो, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून परदेशातील घरखर्चाची घडी बसत नाही, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

हा विषय क्षुल्लक नव्हे. सॅक्सनीचा संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून असा सिद्धांत मांडला की, कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्यातील अन्नावर होणाऱ्या खर्चाचा हिस्सा मोठा. आणि तो सिद्धांत आजही अबाधित आहे. नव्याने स्थलांतरित झालेले कुटुंब, त्याचे शिक्षण कितीही उच्च असो, पहिली काही वर्षे घरभाड्याच्या ओझ्याखाली याच स्थितीत असते. त्यात २०२२ साली कॅनडातील किराणा दुकानांतील अन्नपदार्थांचे दर वर्षभरात सरासरी ९.८ टक्क्यांनी वाढले. १९८१ नंतर इतकी वाढ कधी झाली नव्हती. घरभाडे आणि विजेचे बिल यांत काटछाट करता येत नाही. काटछाट होते ती ताटात, आणि ती बहुधा आईच्या ताटात प्रथम होते. म्हणून या हिशेबाची मला मनापासून आस्था वाटते.

आता मसुरीकडे वळू. कॅनडाच्या मध्य-पश्चिम भागात प्रेअरी म्हणून ओळखला जाणारा जो विस्तीर्ण सपाट प्रदेश आहे, त्यातील सस्कॅचवान प्रांत हा अर्धशतकापूर्वी जवळजवळ सर्वस्वी गव्हाचा मुलूख होता. शेतकरी एक वर्ष गहू पेरीत आणि पुढील वर्षी ओल साठावी म्हणून जमीन पडीक ठेवीत. त्या पडीक वर्षात उत्पन्न बुडे आणि वाऱ्याने मातीही उडून जाई. सस्कॅचवान विद्यापीठात १९७१ साली पीक-सुधारणा केंद्र स्थापन झाले. तेथील अल स्लिंकार्ड या संशोधकाने मसुरीचा ध्यास घेतला आणि १९७८ साली 'लेर्ड' नावाचा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. मसूर हे द्विदल पीक असल्यामुळे त्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. पाणी त्यास बेताचेच लागते. आणि पडीक राहणाऱ्या जमिनीत ते पीक घेतले म्हणजे पुढील वर्षीच्या गव्हासही खताची बचत होते. या सर्व कारणांमुळे एका पिढीच्या अवधीत कॅनडा हा मसुरीची जगात सर्वाधिक निर्यात करणाऱ्या देशांत अग्रस्थानी जाऊन बसला. वाटाण्याची कथा अशीच. मुंबईच्या फुटपाथवर ज्याचा रगडा उकळत असतो, त्या सुक्या वाटाण्यापैकी बराचसा कित्येक वर्षे याच प्रेअरीतून येत आला आहे. भारत सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात वाटाण्यावर ५० टक्के आणि पुढच्याच महिन्यात मसुरीवर ३० टक्के आयात जकात बसविली, तेव्हा दिल्लीतील त्या फर्मानाची झळ सस्कॅचवानच्या शेतकऱ्यास लागली. यावरून या दोन मुलखांची ताटे एकमेकांशी किती निगडित आहेत याची कल्पना यावी.

गव्हाचे नाते तर त्याहून जुने आहे. ओटावा येथील मध्यवर्ती प्रयोगक्षेत्रावर चार्ल्स सॉन्डर्स या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी ज्या 'मार्क्विस' गव्हाची निवड केली, आणि ज्याने पुढील दोन दशकांत पश्चिम कॅनडातील बहुतेक शेते व्यापून टाकली, त्या गव्हाच्या जनक-जननींपैकी एक 'रेड फाइफ' आणि दुसरा 'हार्ड रेड कलकत्ता' हा भारतीय वाण होता. कलकत्त्याचा गहू लवकर पक्व होई, हा त्याचा गुण; आणि जेथे सप्टेंबरातच दंव पडून उभे पीक नासते त्या देशात आठवडाभर आधी तयार होणारा गहू म्हणजे साक्षात जीवदान. सॉन्डर्स निवडीसाठी मूठभर दाणे तोंडात चघळून त्यातील चिकटपणा अजमावीत असे. आपल्या गावाकडचा शेतकरीही गहू घेताना हेच करतो, हे वाचून मला त्या परक्या शास्त्रज्ञाविषयी अकस्मात आपुलकी वाटू लागली.

कॅनडातील भारतीय दुकानांत पोळ्यांची कणीक बहुधा ड्यूरम गव्हाची असते. हा गहू म्हणजे आपल्याकडे बन्सी म्हणतात त्या जातकुळीचा, शेवयांचा आणि रव्याचा गहू. त्याची कणीक पाणी थोडे अधिक पिते आणि मळून अर्धा तास झाकून ठेवली तरच पोळी मऊ होते. पिशवी २० पौंडांची, म्हणजे ९.०७ किलोची. आमच्या चौघांस दिवसाला वीस पोळ्या लागत, त्या हिशेबाने एक पिशवी पंधरवड्यास पुरून थोडी शिल्लक राही. तयार पावावर तेच कुटुंब पोसावयाचे तर खर्च कितीतरी वाढतो. शिवाय तयार पावाच्या किमती तेथे सदैव खुल्या स्पर्धेने ठरत असत असेही नाही. व्यापाऱ्यांनी संगनमत करून पावाचे दर चढविल्याच्या प्रकरणी २०२३ साली एका मोठ्या उत्पादक कंपनीस तेथील न्यायालयाने ५ कोटी डॉलरांचा दंड ठोठावला. पोळपाट-लाटणे घरात असणे हे या दृष्टीने मोठे स्वातंत्र्य आहे.

तुरीची डाळ मात्र कॅनडाच्या थंडीत पिकत नाही. ती भारतातून अथवा पूर्व आफ्रिकेतून येते. आम्ही वरणास एक भाग तूर आणि दोन भाग मसूर असे प्रमाण धरले. गोडा मसाला, आमसूल आणि गुळाचा खडा पडला म्हणजे आमटीस काही उणे भासत नाही, हे मी केवळ स्वतःच्या समाधानासाठी सांगत नाही, तर माझ्या आईने, ती तेथे मुक्कामास आली असता, दुसऱ्यांदा वाढून घेतले याच्या आधारे सांगतो. हरभराडाळीच्या जागी पिवळ्या वाटाण्याची डाळ चालते. तिचे पिठले किंचित अधिक गोडसर होते. छोले अथवा राजमा शिजवून डब्यात भरलेला मिळतो तो घाईच्या माणसास सोयीचा, परंतु एक किलो कोरडे छोले भिजवून शिजविले तर त्यातून ५४० मिलिलिटरचे निदान सहा डबे भरतील एवढा ऐवज निघतो, आणि मीठही आपल्या हाती राहते. कुकर, रात्रीचे भिजवण आणि थोडी पूर्वकल्पना, एवढेच त्याचे मोल.

मोड आणणे हा प्रश्न हिवाळ्यात कठीण वाटला होता. बाहेर उणे पंधरा अंश, घरात कृत्रिम उष्णतेची कोरडी हवा. फडक्यात बांधलेली मटकी तीन दिवस निद्रिस्तच राहिली. शेजारच्या गुजराती आजींनी तोडगा सांगितला: ओव्हन न तापविता त्यातील नुसता दिवा लावून ठेवावा. त्या लहानशा दिव्याच्या उबेने आत दही लागते, इडलीचे पीठ फुगते आणि मटकीस दीड दिवसात बोटाच्या पेराएवढे मोड येतात. मुले शाळेतून आली की प्रथम ओव्हनच्या काचेला डोळे लावून पाहत.

थालीपिठाची भाजणी हा आमच्या घरचा खरा विजय. ज्वारी-बाजरीच्या पिठाच्या लहान पिशव्यांची किंमत परवडेना, तेव्हा पत्नीने तेथील जव, सोललेले ओट, गहू, मसूर आणि पिवळा वाटाणा घेतला, बांधणीपुरते उडीद आणि मूठभर तांदूळ मिसळला, प्रत्येक धान्य निरनिराळे खमंग भाजले, धने-जिरे सढळ हाताने घातले आणि मिक्सरमधून दळून काढले. ओटामुळे थालीपीठ जरा मऊ होते, म्हणून ते पातळ थापून मंद आचेवर अधिक वेळ ठेवावे लागते. जवामुळे त्यास एक मातकट, सुरेख वास येतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी तीन हजार उष्मांकांच्या आसपास आहार लागतो. संध्याकाळी पाच वाजता दार उघडून "आई, काय आहे?" म्हणून विचारणाऱ्या त्या भुकेस बिस्किटांचा पुडा कधीच पुरा पडला नसता, लोण्यासह दोन थालीपिठे पुरी पडत.

दूधदुभत्याचा प्रकार निराळा आहे. कॅनडात दूध, अंडी आणि कोंबडी यांचे उत्पादन सरकारमान्य कोट्याने नियंत्रित केले जाते. शेतकऱ्यास रास्त भाव मिळावा हा त्यामागील हेतू. कोट्याबाहेरील आयातीवर दुग्धपदार्थांस २०० टक्क्यांहून अधिक जकात आहे. त्यामुळे दूध शेजारच्या अमेरिकेपेक्षा महाग आणि त्याचे दर बऱ्यापैकी स्थिर. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात दूध पिशव्यांतून मिळते हे पाहून आम्हांस घरच्यासारखे वाटले: एका मोठ्या पिशवीत १.३३ लिटरच्या तीन पिशव्या, एकूण चार लिटर, आणि याच रूपात ते सर्वांत स्वस्त पडते. त्या दुधात 'ड' जीवनसत्त्व मिसळणे कायद्याने सक्तीचे आहे. ज्या अक्षांशावर हिवाळ्याचे काही महिने सूर्यकिरणांपासून त्वचेस ते जीवनसत्त्व बनविता येत नाही, तेथे सावळ्या वर्णाच्या माणसाने ही गोष्ट विसरू नये. दही विकत आणण्याचे कारण नाही. लोण्याची वडी ४५४ ग्रॅमची, आणि तीत स्निग्धांश ८० टक्क्यांहून कमी नसतो. भाव उतरला म्हणजे बिनमिठाच्या चार वड्या आणून कढविल्या की प्रत्येकीमागे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास साजूक तूप पदरी पडते.

आता कायद्याचा तपशील, जो वाचावयास रुक्ष परंतु खिशास फार उपयोगी. १९९१ साली तेथे वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा मूलभूत अन्नपदार्थांवर तो शून्य ठेवण्यात आला. धान्य, डाळी, दूध, भाज्या, फळे, मांस यांवर कर नाही. शीतपेये, वेफर, चॉकलेट यांवर आहे, आणि ऑन्टारिओत तो प्रांतिक करासह १३ टक्के भरतो. मीठ लावलेले शेंगदाणे करपात्र आहेत, कच्चे नाहीत. गोड बनपाव पाचांपर्यंत घेतले तर कर पडतो, सहा एकत्र घेतले तर पडत नाही. कारण पाचांपर्यंत तो अल्पोपाहार आणि सहापासून पुढे घरचा शिधा असे कायद्याने मानले आहे. पावतीवर कराची रक्कम किती आहे हे महिन्याअखेरी पाहावे. घरात शिधा किती आला आणि अरबटचरबट किती आले, याचा तो आकडा चोख साक्षीदार असतो.

दुसरा तपशील तारखांचा. वेष्टनावरील 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' हे शब्द पदार्थाचा ताजेपणा, चव आणि सत्त्व किती दिवस टिकेल एवढेच सांगतात. त्या दिवसानंतर तो पदार्थ विषारी होतो असा त्यांचा अर्थ नव्हे. खरी अंतिम तारीख तेथे फक्त तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीसारख्या मोजक्या वस्तूंवर घालावी लागते. महिन्यांची नावे इंग्रजी व फ्रेंच दोन्ही भाषांस चालतील अशा दोन अक्षरांनी लिहितात, आणि त्यांत मार्च 'एम आर', मे 'एम ए', जून 'जे एन' आणि जुलै 'जे एल' असल्याने नवागत हटकून गोंधळतो. तारीख जवळ आलेले दही, पाव, मांस यांवर दुकानदार पुष्कळदा निम्मी किंमत लावतो. त्याच दिवशी शिजवावयाचे अथवा गोठवून ठेवावयाचे असेल तर ती खरेदी निर्धास्तपणे करावी.

भाजीच्या दुकानात भावफलकावर मोठ्या अक्षरांत पौंडाचा दर असतो आणि किलोचा बारीक अक्षरांत, हे लक्षात न आल्यामुळे प्रारंभी मीही फसलो. पौंडाच्या दरास २.२ ने गुणले की किलोचा दर कळतो. ऑन्टारिओतील मोठ्या दुकानांच्या सवलतीचा आठवडा गुरुवारी सुरू होऊन बुधवारी संपतो. दुकानाच्या स्वतःच्या नाममुद्रेचा माल, ज्याची सुरुवात १९७८ साली पिवळ्या वेष्टनातील 'नो नेम' या मालाने तेथे मोठ्या प्रमाणावर झाली, मीठ, साखर, तेल, गोठविलेले मटार अशा वस्तूंत जाहिरातबाज मालापेक्षा काडीमात्र कमी नसतो.

परंतु या सर्वांहून मोलाची गोष्ट आपल्याच परंपरेत होती. आईच्या कोठीघरात मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी होई: गहू उन्हात वाळवून कोठ्यांत भरला जाई, पापड-सांडगे-कुरडया होत, वर्षाचे तिखट कांडले जाई. कॅनडात हाच विधी सप्टेंबर-ऑक्टोबरात करावा लागतो. टोरोंटोच्या उत्तरेस हॉलंड मार्श म्हणून दलदल उपसून सिद्ध केलेली काळ्याभोर मातीची जमीन आहे. तेथील गाजरे आणि कांदे सुगीच्या दिवसांत दहा-दहा पौंडांच्या पिशव्यांतून नाममात्र दराने येतात. बटाटे, कोबी, बीट आणि नवलकोल हेही त्याच काळातले. ऑक्टोबर संपला की लाल भोपळ्याचे भाव एकदम कोसळतात, आणि भोपळा अखंड असेल तर थंड, कोरड्या तळघरात महिनोन्‌महिने टिकतो. आमच्याकडे डिसेंबरात घारगे आणि भरीत त्याचेच होई. टोमॅटो स्वस्त असताना शिजवून, आटवून गोठविले. भेंडी आणि गवार हिवाळ्यात विमानाने आलेली घेण्यापेक्षा गोठविलेली घ्यावी. तिची भाजी तितकी कुरकुरीत होत नाही, पण चव आणि सत्त्व टिकून असते. बिटाचा आणि मुळ्याचा पाला तेथील कित्येक गिऱ्हाईक दुकानातच मोडून टाकतात. त्याची पीठ पेरून केलेली भाजी ज्याने खाल्ली असेल त्यास ते दृश्य पाहवत नाही. उरलेली पोळी फोडणीस गेली, उरलेला भात फोडणीस गेला, पावाच्या कडा कुस्करून चिवड्यासारख्या परतल्या गेल्या.

इतके सर्व करूनही ज्यांचे भागत नाही अशी कुटुंबे त्या श्रीमंत देशात थोडी नाहीत. कॅनडातील पहिली अन्नपेढी (गरजूंस मोफत शिधा देणारी 'फूड बँक') १९८१ साली एडमंटन येथे तात्पुरती सोय म्हणून उघडली. मार्च २०२४ या एका महिन्यात देशभरच्या अन्नपेढ्यांत २० लाखांहून अधिक वेळा लोकांस शिधा घ्यावयास यावे लागले. काटकसरीचे ज्ञान भुकेवर संपूर्ण उतारा आहे असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. जेथे भाडेच पगाराचा घास घेते तेथे मसूर तरी किती शिजवावी? ब्रॅम्पटनच्या गुरुद्वारांत लंगरच्या पंगतीस मी शीख कुटुंबांच्या मांडीस मांडी लावून बसलेले मराठी, तमिळ, नायजेरियन विद्यार्थी पाहिले आहेत. तेथील डाळ कोणी कोणास मोजून वाढीत नाही. परीक्षेच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा तेथे जेवून राहिलेला एक मुलगा आमच्याकडे येत असे. आमची भाजणीची पद्धत त्यास पत्नीने लिहून दिली आणि सोबत एक डबा भरून दिला.

आमच्या रोजमेळाची वही मी अद्याप जपून ठेविली आहे. तिच्या प्रत्येक महिन्याच्या पानावर शेवटी एक ओळ निराळी राखलेली असे, आणि तिच्यात डाळ-कणकेवर वाचलेले दहा-पंधरा डॉलर जमा होत. एप्रिल संपता संपता रत्नागिरी-देवगडचा हापूस विमानाने येई. त्याची एक पेटी, फक्त एक, त्या ओळीतल्या पैशातून घेतली जाई. रविवारी बन्सीच्या पोळ्या आणि रस असा बेत असे. आणि बाठ्यांची वाटणी कोणी करावयाची यावरून दोन्ही मुलांत वाद होई, तेव्हा तो निकालात काढण्याचे काम मुक्कामास असली तर आईकडे आणि नसली तर दूरध्वनीवरून तिच्याकडेच सोपविले जाई.